उंदराला विचारलेले तीन प्रश्न : वृद्धिसंप्रेरकाच्या मोजणीची गोष्ट

या व्याख्यानमालेत 'मापन' हा शब्द आला की आपल्या डोळ्यांसमोर तराजू येतो, फूटपट्टी येते, फार तर तापमापक येतो. आज आपण मोजणीचं एक वेगळं उदाहरण घेऊ. विषय दिसायला अगदी लहान आहे. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या शरीरात वृद्धिसंप्रेरक, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, किती आहे हे कसं मोजतात? गेल्या शंभर वर्षांत या एका प्रश्नाची उत्तरं वेगवेगळ्या रीतींनी दिली गेली. प्रत्येक रीतीने आकडा दिला, पण तो आकडा कशाचा, हे ठरवायला मात्र माणसांना फार वेळ लागला. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना रस आहे तो इथे.

आधी शब्दांचा खुलासा करू. इंग्रजीत रॅट वेगळा आणि माऊस वेगळा. मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो. आज 'उंदीर' म्हणजे रॅट, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा. आणि 'माऊस' म्हणजे पंचवीसेक ग्रॅमचा, मुठीत मावणारा. हा दसपट फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

दुसरा शब्द पीयूषिका. मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडाच्या एका खळग्यात बसलेली ही ग्रंथी. उंदरात तिचं वजन दहाएक मिलिग्रॅम. तिच्या पुढच्या भागातून वृद्धिसंप्रेरक रक्तात जातं.

गोष्ट सुरू होते कॅलिफोर्नियात, बर्कलीला. १९२१ साली हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गाईच्या पीयूषिकेच्या पुढच्या भागाचा अर्क उंदरांच्या पोटात टोचायला सुरुवात केली. उंदीर वाढतच गेले. बरोबरीच्या, अर्क न मिळालेल्या उंदरांशेजारी ठेवले तर राक्षसी दिसावेत इतके. या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी लाँग-इव्हान्स ही उंदरांची जात आजही जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. तेव्हा पहिलं माप होतं ते साधं वजन. तराजूत उंदीर ठेवायचा, आकडा लिहायचा.

दुसरी बाजू फिलिप स्मिथ यांनी पुरी केली. अर्क देऊन वाढ होते हे ठीक, पण ग्रंथीच काढून टाकली तर? आधीच्या लोकांनी हे करून पाहिलं होतं, पण ग्रंथी काढताना वरच्या मेंदूलाही इजा व्हायची. मग जे घडलं ते ग्रंथी गेल्यामुळे की मेंदू दुखावल्यामुळे, हे सांगता येत नसे. स्मिथ यांनी गळ्याच्या बाजूने, मेंदूला हात न लावता पोहोचायची वाट शोधली. त्यांचा सविस्तर निबंध १९३० साली आला. पीयूषिका काढलेल्या पिल्लाची वाढ थांबायची. दुसऱ्या उंदरांची ताजी ग्रंथी रोज त्याच्या शरीरात बसवत गेलं की वाढ पुन्हा सुरू व्हायची. काढलं की थांबतं, दिलं की चालू होतं. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कार्यकारणभाव ठरवायची जुनी आणि भक्कम रीत.

पण वजन हे माप ढिलं होतं. अंगात पाणी साठलं, चरबी धरली तरी वजन वाढतं. खरी वाढ कुठे दिसते? हाडांत. म्हणून १९४९ साली बर्कलीच्याच ग्रीनस्पॅन, ली, सिम्पसन आणि इव्हान्स यांनी 'टिबिया टेस्ट' मांडली. टिबिया म्हणजे नडगीचं हाड. वाढत्या प्राण्यात या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची, म्हणजे कोवळ्या हाडाची, एक पट्टी असते. लांबी वाढते ती तिथे. पीयूषिका काढलेल्या उंदरात ही पट्टी आक्रसते. अशा उंदराला चार दिवस तपासायचा अर्क टोचायचा, मग हाड काढून उभं चिरायचं आणि सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं. चुना धरलेला भाग काळपट होतो, कूर्चेची पट्टी पांढरीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली तिची रुंदी मोजायची. पट्टी जितकी रुंद तितकं अर्कात संप्रेरक जास्त.

आता नीट बघा, इथे संप्रेरक कुणी पाहिलं का? नाही. पाहिली ती पट्टी. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असं म्हणावं, तसं हे अनुमान. धूर आणि अग्नी यांचं साहचर्य पक्कं असेल, म्हणजे व्याप्ती असेल, तोवर अनुमान खरं. पण ही पट्टी थायरॉइडच्या संप्रेरकानेही हलते. म्हणजे धुरासारखं दिसणारं धुकंही डोंगरावर असू शकतं.

या कसोटीचं मोठेपण मात्र विसरू नये. ती शरीराला विचारत होती : 'तू वाढलास का?' हा पहिला प्रश्न. आणि या प्रश्नाला उंदीर फार उदारपणे उत्तर द्यायचा. गाईचं संप्रेरक द्या, तो वाढणार. माणसाचं द्या, तरी वाढणार. माणूस इतका उदार नाही. गाईच्या पीयूषिकेतून शुद्ध केलेलं संप्रेरक खुज्या मुलांना देऊन पाहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. माणसाला माणसाचंच, फार तर माकडाचं लागतं. उंदरावर सिद्ध झालेली गोष्ट रुग्णाच्या खाटेपाशी येऊन अडली, ती याच फरकापायी.

१९५७ साली आणखी एक गुंता पुढे आला. सॅमन आणि डॉगडे यांनी पीयूषिका काढलेल्या उंदराची कूर्चा काचपात्रात ठेवली आणि तिच्यावर थेट वृद्धिसंप्रेरक घातलं. ती फारशी बधली नाही. पण आधी जिवंत उंदराला संप्रेरक टोचलं आणि त्या उंदराचं रक्तद्रव कूर्चेवर घातलं, तर ती कामाला लागली. म्हणजे मधे कुणीतरी निरोप्या होता. पुढे त्या निरोप्याला सोमॅटोमेडिन म्हणू लागले, आज आपण आयजीएफ-१ म्हणतो. १९८२ साली स्वीडनच्या इसाकसन यांच्या गटाने नडगीच्या हाडातच संप्रेरक टोचून दाखवलं की ते तिथे थेटही काम करतं. तेव्हा पट्टीची रुंदी हे नेमकं कशाचं माप होतं? संप्रेरकाचं, त्याच्या निरोप्याचं, की दोघांच्या मिळून केलेल्या कामाचं?

आता दुसरा प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉंक्सच्या एका सरकारी रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन इन्सुलिनवर काम करत होते. १९५९-६०च्या सुमारास त्यांनी रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत उभी केली. कल्पना एसटीच्या गाडीवरून समजून घेऊ. गाडीत जागा मोजक्या. स्टँडवर काही प्रवासी लाल टोपी घातलेले, त्यांची संख्या आपल्याला माहीत आहे. बिनटोपीचे किती आहेत ते माहीत नाही. दरवाजा उघडला, सगळे घुसले. आत लाल टोप्या जितक्या कमी दिसतील, तितके बिनटोपीवाले जास्त होते असं समजायचं. इथे जागा म्हणजे प्रतिपिंडं, लाल टोपी म्हणजे किरणोत्सारी आयोडीन लावलेलं संप्रेरक, आणि बिनटोपीचे म्हणजे रक्तातलं मूळचं संप्रेरक. एका मिलिलिटरमधले नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जांश, या रीतीने मोजता येऊ लागले.

माणसाच्या वृद्धिसंप्रेरकासाठी ही पद्धत १९६२-६३ मध्ये आली. उंदरासाठी वेगळी तयारी करावी लागली, कारण प्रतिपिंड टिबियासारखं उदार नसतं. माणसाचं संप्रेरक ओळखणारं प्रतिपिंड उंदराच्या संप्रेरकाला ओळख देईना. उंदराचंच संप्रेरक शुद्ध करून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करावी लागली. १९६६ साली शाल्च आणि राइक्लिन यांनी उंदराच्या रक्तातल्या वृद्धिसंप्रेरकाचे आकडे प्रसिद्ध केले. नर-मादी, गर्भारपण, भूल अशा अवस्थांमध्ये ते कसे बदलतात तेही दिलं. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेमार्फत उंदराच्या संप्रेरकाचे प्रमाणित नमुने प्रयोगशाळांना मिळू लागले. अशा प्रमाणाला फार महत्त्व. दोन प्रयोगशाळांचे 'वीस नॅनोग्रॅम' एकच आहेत का, हे दोघींनी कोणतं प्रमाण वापरलं ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पूर्वी गावागावातला शेर वेगळा असायचा, तसंच हे.

टिबिया विचारत होती, 'तू वाढलास का?' प्रतिपिंड विचारत होतं, 'माझ्या ओळखीचा रेणू इथे आहे का?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आज बसल्या बसल्या कळतं. तेव्हा ते कळायला एक मोठी फजिती व्हावी लागली.

झालं असं. पीयूषिकेला 'संप्रेरक सोड' असा हुकूम मेंदूकडून येतो, हायपोथॅलॅमस या भागातून, हे साठच्या दशकात लोक मानू लागले होते. तो हुकूम घेऊन येणारा रेणू कोणता, याची शर्यत लागली. न्यू ऑर्लिन्सला अँड्र्यू शॅली डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा करत होते, रॉजर गीयमाँ मेंढ्यांचे. लाखोंनी. शॅलींच्या कामात मोजणीची रीत अशी होती : अर्क उंदराला टोचायचा, मग त्याची पीयूषिका काढायची, आणि तिच्यात किती वृद्धिसंप्रेरक उरलं आहे ते इतर उंदरांवर टिबिया टेस्ट करून बघायचं. कमी उरलं असेल, तर त्याचा अर्थ ते रक्तात सोडलं गेलं. तिजोरीत पैसे कमी झाले, म्हणजे ते बाजारात खर्च झाले, असं हे म्हणणं. बाजारात जाऊन कुणी पाहिलं नव्हतं.

१९७१ साली शॅलींच्या गटाने दहा अमिनो आम्लांची एक साखळी जाहीर केली. हाच तो वाढीचा हुकूम. लवकरच दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की ही साखळी डुकराच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सुरुवातीच्या तुकड्याशी जुळते. म्हणजे रक्तातल्या लाल रंगाच्या प्रथिनाचा तुटका भाग. रेडिओइम्युनोॲसेने रक्तात पाहिलं, तर त्या तुकड्याने वृद्धिसंप्रेरक वाढतच नव्हतं. न्यायशास्त्रातला हेत्वाभास हाच. हेतू दिसतो, पण तो हेतू नसतो.

हे केवळ एका गटाचं दुर्दैव नव्हतं. इन्सुलिन देऊन रक्तातली साखर उतरवली की माणसात वृद्धिसंप्रेरक उसळतं, हे १९६३ मध्ये दिसलं होतं. उंदराच्या ग्रंथीतलं संप्रेरक मोजणाऱ्यांना टिबिया टेस्टवर तसंच वाटलं, ग्रंथी रिती होताना दिसली. प्रतिपिंडाने उंदराच्या रक्तात पाहिलं, तर वाढ नाही. दोन कसोट्या एकाच प्राण्याबद्दल परस्परविरुद्ध साक्ष देत होत्या.

गीयमाँ यांच्या प्रयोगशाळेत पॉल ब्राझो यांनी दुसरी वाट धरली. उंदराच्या पीयूषिकेच्या पेशी काचपात्रात वाढवायच्या, अर्क घालायचा, आणि भोवतालच्या द्रवात किती संप्रेरक आलं ते रेडिओइम्युनोॲसेने मोजायचं. म्हणजे थेट बाजारात जाऊन बघायचं. शोध चालला होता सोडणाऱ्या रेणूचा, हाती आला अडवणारा. १९७३ साली चौदा अमिनो आम्लांचा सोमॅटोस्टॅटिन जाहीर झाला. असा रोखणारा घटक असावा हे क्रुलिख, धारीवाल आणि मॅकन यांनी १९६८ सालीच सुचवलं होतं, आणि तेही टिबिया टेस्टच्या जोरावर. तेव्हा जुनी कसोटी खोटी आणि नवी खरी, असा सोपा निकाल देऊ नका. खरा सोडणारा रेणू १९८२ साली सापडला, तोही मेंदूत नव्हे, माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठींमध्ये. १९७७चं वैद्यकाचं नोबेल मात्र एकत्रच गेलं : अर्धं यालोंना, अर्धं गीयमाँ आणि शॅली यांना. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

तिसरा प्रश्न सगळ्यांत साधा, आणि तोच सगळ्यांत उशिरा विचारला गेला : 'कधी?'

रेडिओइम्युनोॲसे हाती आल्यावर उंदराच्या रक्ताचे आकडे येऊ लागले, पण त्यांचा मेळ बसेना. एकाच वयाचे, एकाच खाण्यावरचे उंदीर, आणि आकडे कुठच्या कुठे. मग माँट्रियलला ग्लोरिया टॅननबॉम आणि जोसेफ मार्टिन यांनी धीराचं काम केलं. मानेच्या शिरेत कायमची बारीक नळी बसवायची, उंदराला माणसाची, त्या डब्याची सवय होऊ द्यायची, आणि तो आपल्या मर्जीने वावरत असताना दर पंधरा मिनिटांनी रक्त काढायचं. आता हिशोब करा. अडीचशे ग्रॅमच्या उंदरात रक्त सोळाएक मिलिलिटर. समजा दर वेळी ०.३ मिलिलिटर काढलं, तर सहा तासांत पंचवीस वेळा, म्हणजे साडेसात मिलिलिटर. जवळजवळ अर्धं रक्त. असा उंदीर काय वाढीचं बोलणार? म्हणून रक्तद्रव काढून घेऊन लाल पेशी सलाइनमधून परत त्याच उंदराला द्यायच्या.

१९७६ साली त्यांचा निष्कर्ष आला. नर उंदरात वृद्धिसंप्रेरक लाटांनी येतं. साधारण ३.३ तासांनी एक मोठी उसळी, मिलिलिटरला दोनशे नॅनोग्रॅमच्याही वर, आणि मधल्या काळात जवळजवळ शून्य. ज्या भागात नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं, तिथे भलत्या वेळी तोटी उघडून 'इथे पाणीपुरवठा नाही' असा अहवाल दिला तर? एकदाच रक्त काढून लिहिलेले आकडे त्या जातीचे होते.

आणि नुसती वेळही पुरत नाही. उंदीर घाबरला, त्याला हाताळलं, ईथर दिलं, की त्याचं वृद्धिसंप्रेरक उतरतं. पेंटोबार्बिटल दिलं तर चढतं. माणसात ताणाने ते सहसा वाढतं, उंदरात उलट. नैयायिकांची एक जुनी सूचना इथे आठवते. धूर आहे तिथे अग्नी आहेच. पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही, त्यासाठी इंधन ओलं लागतं. त्या ओल्या इंधनाला ते 'उपाधी' म्हणतात, न सांगितलेली अट. ग्रंथी धडधाकट असूनही आकडा शून्य येतो, कारण अट पुरी झालेली नसते. इथे अट आहे प्राण्याची निर्धास्तता.

हा मुद्दा आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी प्रयोगातल्या प्राण्यांबद्दल तीन तत्त्वं मांडली : पर्याय शोधा, संख्या कमी करा, क्लेश कमी करा. अनेकांना वाटलं, ही विज्ञानाला बाहेरून घातलेली नीतीची वेसण आहे. उंदराच्या वृद्धिसंप्रेरकाचा इतिहास वेगळं सांगतो. भेदरलेल्या उंदराचा आकडा हा क्रूरपणे मिळवलेला खरा आकडा नसतो, तो चुकीचाच आकडा असतो. दया आणि अचूकता इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. नेहमी मिळतात असं आम्ही म्हणणार नाही. टिबिया टेस्ट चांगली चालायची, आणि तिच्यात एकेका अर्काच्या तपासणीसाठी कित्येक पिल्लांची ग्रंथी काढून शेवटी त्यांचे प्राण घेतले जात. तो हिशोब वेगळा मांडावाच लागेल.

लाटेचा आकारही बोलतो. १९७९ साली स्टाफन एडेन यांनी दाखवलं की प्रौढ मादी उंदरात लाटा लहान, वारंवार, आणि मधली पातळी नरापेक्षा वर. सरासरी काढली की हा फरक झाकला जातो. यकृत मात्र सरासरी वाचत नाही, ते लय वाचतं. नर उंदराला संप्रेरक अखंड धारेने दिलं, तर त्याच्या यकृतातली काही विकरं मादीच्या वळणावर जातात. १९८५ मध्ये क्लार्क आणि सहकाऱ्यांनी पीयूषिका काढलेल्या उंदरांना संप्रेरक शिरेतून दिलं, कधी सलग, कधी ठोक्याठोक्याने. ठोक्यांनी दिल्यावर वाढ अधिक चांगली झाली. तेव्हा 'किती' या प्रश्नात 'कोणत्या चालीने' हा प्रश्न आधीपासूनच दडलेला होता.

आता माऊस. १९८२ साली पामिटर, ब्रिन्स्टर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या वृद्धिसंप्रेरकाचं जनुक माऊसच्या भ्रूणात घालून राक्षसी माऊस जन्माला घातले. १९९६ साली दिसलं की एम्स जातीचे खुजे माऊस, ज्यांच्यात हे संप्रेरक जवळपास नसतंच, ते आपल्या भावंडांपेक्षा बरेच जास्त जगतात. जनुकांचं सगळं संशोधन माऊसकडे वळलं. पण मोजायचं कसं? पंचवीस ग्रॅमच्या जिवात रक्त जेमतेम दीड-दोन मिलिलिटर. उंदरावरची रीत इथे लावली तर तासा-दोन तासांत माऊस रिकामा व्हायचा. म्हणून बराच काळ पुष्कळ प्रयोगांत एका माऊसचं एकदाच रक्त घेऊन काम भागवलं गेलं, म्हणजे पुन्हा तीच भलत्या वेळची तोटी. ब्रिस्बेनच्या फ्रेडरिक स्टेन आणि चेन चेन यांच्या गटाने २०११ साली यावर उपाय दिला. शेपटीच्या टोकातून दर दहा मिनिटांनी फक्त चार मायक्रोलिटर रक्त, सहा तास. छत्तीस थेंबुकल्यांची बेरीज १४४ मायक्रोलिटर, माऊसच्या रक्ताच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. बरोबरीला अतिसंवेदनशील एलायझा चाचणी, आणि त्याआधी माऊसला हाताची सवय लावणं. मग माऊसच्याही लाटा दिसू लागल्या.

१९२७ साली पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने असं मत मांडलं की संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याची कृती, त्यापलीकडे काही नाही. तसं मानलं तर टिबियाचं वृद्धिसंप्रेरक, प्रतिपिंडाचं वृद्धिसंप्रेरक आणि लाटेचं वृद्धिसंप्रेरक या तीन वेगळ्या वस्तू ठरतील. आम्हाला ते पटत नाही. तीन प्रमाणांचं प्रमेय एकच आहे, म्हणून तर त्यांच्यात भांडण होऊ शकलं. दोन साक्षीदार वेगवेगळ्या घटनांबद्दल बोलत असते तर त्यांची साक्ष परस्परविरुद्ध ठरलीच नसती. हिमोग्लोबिनचा तुकडा उघडा पडला तो दोन कसोट्या समोरासमोर आल्या म्हणून.

हे सगळं उंदरापुरतं नाही. आपल्याकडे एखादं मूल वर्गात सगळ्यांत बुटकं राहिलं की आई-वडील धास्तावतात, आणि कुठलीतरी चाचणी करून अहवाल हातात घेऊन बसतात. माणसाचंही वृद्धिसंप्रेरक लाटांनी येतं, रात्रीच्या गाढ झोपेत अधिक. दिवसा कधीतरी एकदा घेतलेल्या रक्तात ते कमी दिसलं, एवढ्यावरून मुलात कमतरता आहे असं ठरत नाही. म्हणून जाणते डॉक्टर आधी काही महिने उंचीचा आलेख पाहतात, आयजीएफ-१ पाहतात, आणि गरज वाटली तरच औषध देऊन ग्रंथीला उत्तेजित करून ठरावीक वेळांनी रक्त घेतात. म्हणजे तेच तीन प्रश्न : वाढतो आहे का, रेणू आहे का, कधी आहे. अहवालावर आकडा छापलेला असतो, पण त्याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे ते तिथे छापलेलं नसतं. तेवढं डॉक्टरांना विचारायला आपण संकोच करू नये.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.